मोहसरीच्या तलावाचा तिसरा कान

मोहसरीच्या तलावावर त्या सकाळी सोळा तुंबे तरंगत होते. प्रत्येक वाळक्या भोपळ्याला दोर, दोराला दगड, आणि दगड तलावाच्या तळाशी. "आवाज जिथून येतो असं वाटतं, तिथं आपापली खूण टाका," असं अभियंता मानापुरे साहेबांनी गावातल्या सोळा नावाड्यांना सांगितलं होतं. सोळाही जणांनी ती प्रामाणिकपणे टाकली होती. आता पाळीवर (तलावाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर) उभं राहून पाहिलं, तर एक तुंबा घाटाजवळ दिसत होता, एक कमळांच्या बेटाशी, दोन डोहावर, एक पार पलीकडच्या काठाला. आवाज एकच होता आणि त्याच्या जागा सोळा झाल्या होत्या.

"यातली खरी कोणती?" साहेबांनी विचारलं.

म्हातारा सोमा वलथरे म्हणाला, "साहेब, खोटं कोनीच नाही बोलत जी."

अकरा वर्षांची कला सोमांच्या मागे उभी होती; ते तिचे आजोबा, ती त्यांना आबाजी म्हणे. ते बोलले म्हणून तिला बरं वाटलं. गेले तीन दिवस ते तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

तो आवाज वरून ऐकू येत नसे. काठावर बसलात, होडीत बसलात, तरी तलाव आपला गप्प. पण डोकं पाण्यात बुडवलं, की थोड्या वेळाने तो येई: घुम्म. मोठ्या रांजणात तोंड घालून कुणी एकच हुंकार द्यावा, तसा. मोहसरीच्या नावाड्यांना मात्र डोकं बुडवावं लागत नसे. त्यांच्याकडे कानकाठी होती. मनगटाएवढा जाड, भरीव बांबू. त्याचं एक टोक पाण्यात धरायचं आणि दुसरं कानाच्या पाळीमागच्या हाडाला टेकवायचं. मासे आसपास चरत आहेत का, मरळ पिलांभोवती कशी शेपूट आपटते आहे, हे त्यांना काठीतून कळत असे. होड्या आता सूर्याच्या ऊर्जेवर चालत, बर्फाच्या पेट्या उडत्या यंत्रांनी येत, पण २०६१ सालीही मोहसरीत कानकाठी घरोघरी होती. आणि तिचा नियमही होता: पाण्यात एका वेळी एकच कान. एकाने काठी लावली, की बाकीच्यांनी वल्ही वर उचलून थांबायचं. त्याचं ऐकून झालं, की पुढच्याची पाळी.

हा नवा आवाज पहिल्यांदा आबाजींनी ऐकला होता. पण तो किती वेळाने येतो हे मोजलं कलाने. शाळेच्या घड्याळावर तिने महिनाभर नोंदी ठेवल्या. सुरुवातीला दोन आवाजांमध्ये चाळीस मिनिटं जात. मग तीस. मग अठरा. चार दिवसांपूर्वी अकरा. तो आकडा पाहून तिने नोंदी मानापुरे साहेबांना पाठवल्या.

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "पाळीखाली पाचशे घरं आहेत. आत काहीतरी वाढत चाललंय. जागा कळली तर तेवढीच दुरुस्त करू. नाही कळली, तर पाऊस सुरू व्हायच्या आधी सगळा तलाव रिकामा करावा लागेल. रविवारी सकाळी तलावाची दारं उघडायची."

तलाव रिकामा म्हणजे मरळी गेल्या, वांबी मासे गेले, तीनशे वर्षं तळाशी रुजलेली कमळं गेली. आबाजी साहेबांना काही म्हणाले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कलाकडे पाहून एवढंच विचारलं, "तुले कोनी सांगतलं होतं कागद धाडाले?" आणि त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं.

आज गुरुवार होता.

*

साहेबांच्या गाडीतून एक पेटी उतरवली गेली. पेटीतून गुडघ्याएवढा उंच, बसक्या पोटाचा, राखाडी रंगाचा यंत्रमानव बाहेर आला. त्याला तीन चाकं होती, दोन बारीक हात होते आणि पोटाभोवती तरंगण्यासाठी रबरी कडं.

"नमस्कार. माझं नाव सप्तम," तो म्हणाला. "ध्वनी प्रयोगशाळेने बनवलेल्या यंत्रमानवांत माझा क्रमांक सातवा. मी ऐकायला आलो आहे."

"सातवं लेकरू म्हनजे लाडाचं," कोणीतरी पुटपुटलं. चारपाच माणसं हसली. आबाजी हसले नाहीत.

सप्तमने सोळा तुंब्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग तो कलाकडे वळला, कारण नोंदवही तिच्या हातात होती. "नोंदी तुझ्या का? फार नीट आहेत. मला मदत करशील?"

कलाने मान हलवली.

"डोळे मीट. डावा कान बोटाने घट्ट बंद कर. मी चुटकी वाजवेन, तू बोट दाखव."

चुटकी वाजली. कलाने उजवीकडे बोट केलं. डोळे उघडले तर सप्तम तिच्या समोर, किंचित डावीकडे उभा होता.

"आता दोन्ही कान उघडे." या वेळी तिचं बोट अगदी नेमकं गेलं.

"आवाजाला वेग असतो," सप्तम सांगू लागला. "हवेत तो एका सेकंदात सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो. मी तुझ्या डावीकडे चुटकी वाजवली, तर आवाज आधी डाव्या कानात पोचतो आणि उजव्यात किंचित उशिरा. एका सेकंदाचे दोन हजार भाग केले, तर त्यातल्या जेमतेम एका भागाएवढा उशीर. तेवढ्यावरून तुझा मेंदू दिशा ओळखतो. एका कानाने उशीर कळणार कसा? उशीर हा नेहमी दोघांतच असतो."

"म्हणजे कानकाठीने दिशा कळणारच नाही," कला हळू म्हणाली. "ती एकाच कानाला लावतात."

"बरोबर. आवाज आहे एवढं ती सांगते. कुठे, ते नाही सांगत. म्हणून प्रत्येकाला तो आपल्याच होडीखालून येतोसा वाटला."

"पण मी तर डोकं बुडवून ऐकलं होतं. दोन्ही कानांनी."

"मग पुन्हा बुडव," सप्तम म्हणाला.

घाटाच्या पायऱ्यांवर कला कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि डोळे मिटून तिने डोकं आत घातलं. सप्तमने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटले. टक्! आवाज लख्ख आला, पण तो डावीकडून नव्हता, उजवीकडूनही नव्हता. जणू तो तिच्या डोक्याच्या आतच वाजला होता. वर येऊन तिने अंदाजाने बोट केलं. चूक. तिसऱ्या खेपेलाही चूक.

"पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो," सप्तम म्हणाला. "एका सेकंदात दीड हजार मीटर. तुझ्या दोन कानांमधलं अंतर मात्र तेवढंच राहिलं. त्यामुळे उशीर इतका लहान होतो, की मेंदूला तो नीट उकलता येत नाही."

कला ओले केस मागे सारत विचार करत राहिली. "मग कान लांब लांब हवेत," ती म्हणाली. "तलावाएवढ्या लांब."

"तेच आणले आहेत," सप्तम म्हणाला.

पेटीत तीन जलकर्ण होते (पाण्यातला आवाज टिपणारी, मुठीएवढी यंत्रं). तिघांनाही एकच घड्याळ जोडलेलं होतं, सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं. सप्तमने घाटावरच्या ओल्या मातीत दोन खुंट्या ठोकल्या. "समज, हे दोन जलकर्ण. आवाज पहिल्याकडे आधी पोचला, दुसऱ्याकडे चार दशांश सेकंद उशिरा. तेवढ्या वेळात आवाज किती जातो?"

"सहाशे मीटर," कलाने हिशेब केला.

"म्हणजे आवाजाची जागा पहिल्या कानाला सहाशे मीटरने जवळ आहे. पण अशा जागा किती?"

खेळासाठी त्यांनी सहाशे मीटरऐवजी सहा विती धरल्या. कला दोर घेऊन बसली. पहिल्या खुंटीपासून दोन वीत आणि दुसरीपासून आठ: तिथे एक खडा. तीन आणि नऊ: दुसरा खडा. चार आणि दहा: तिसरा. खडे ठेवता ठेवता तिला दिसलं, की ते एका वाकलेल्या रेघेवर बसत आहेत, विळ्याच्या पात्यासारख्या.

"दोन कानांनी एक रेघ मिळते," ती म्हणाली. मग एकदम सरळ बसली. "आणि तिसरा कान असला तर दुसरी रेघ! दोन रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे..."

"तिथे आवाज," सप्तम म्हणाला.

*

पहिला जलकर्ण घाटाशी सोडला. दुसरा पाळीच्या टोकाला, सलंगेजवळ (जास्तीचं पाणी वाहून जाण्याची वाट). तिसरा तलावाच्या मध्यावर सोडायचा होता. पण सप्तमने तो तपासला आणि तो थांबला. प्रवासात त्याच्या झाकणाला चीर गेली होती. आत पाणी शिरलं होतं.

"नवा मागवू," साहेब म्हणाले.

"प्रयोगशाळेत दुसरा तयार नाही. सहा दिवस लागतील."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. रविवारला तीन दिवस होते. माणसं एकेक करून उठली. आबाजीही आपली कानकाठी उचलून होडीकडे निघाले.

कला त्या काठीकडे पाहत राहिली.

"सप्तम, तुला हवेतलं ऐकू येतं ते कशाने?"

"माझ्या छातीत एक कान आहे. पण तो पाण्यात चालत नाही. भिजला की संपला."

"आणि तो कोरडाच राहिला तर? आबाजींच्या काठीचं खालचं टोक पाण्यात, वरचं टोक तुझ्या छातीला. पाण्यातला आवाज बांबूत चढतो, तो कोरड्या टोकाला येतो. आमच्या गावाने तेच तर केलंय."

सप्तमने हिशेब केला. "बांबूतून यायला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच असेल. तो वजा करता येईल. आणि माझं घड्याळ त्या दोघांच्या घड्याळाशी जुळलेलं आहे." मग तो तिच्याकडे वळला. "हे मला सुचलं नव्हतं."

कला धावत होडीपाशी गेली. आबाजी दोर सोडत होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. आबाजींनी ऐकून घेतलं, पण उत्तर त्यांनी तिला दिलं नाही. मागून आलेल्या सप्तमला दिलं.

"घाटाशी एक कान, सलंगेपाशी दुसरा, अन् माह्या होडीत तिसरा. एकाच वेळी?"

"हो, आबाजी. एकाच वेळी असले तरच उपयोग."

"मोहसरीत असं करत नाहीत. एका वेळी एकच कान. माह्या बापाच्या बापापासून."

"का बरं?" सप्तमने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"काऊन म्हनजे? सारेच आयकाले बसले, का कोनाचं वल्हं हलते, कोनाची होडी करकरते. पानी गढूळ होते तसं आयकनंही गढूळ होते."

"तुमच्या आजोबांनी बरोबर ओळखलं होतं," सप्तम म्हणाला. "पण गोंगाट हातांनी होतो, आबाजी. कानाने होत नाही. कान किती का असेनात, हात स्थिर राहिले की झालं."

आबाजी पाण्याकडे पाहत राहिले. समोर सोळा तुंबे डुलत होते. त्यातला डोहावरचा एक त्यांचा स्वतःचा होता. तो आपल्याच होडीखाली टाकलेला आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आणि बाकीच्या पंधरांनीही तसंच केलं असणार, हे त्यांना आता कळत होतं. इतकी वर्षं सगळे पाळीपाळीने ऐकत आले. एकाचं ऐकणं दुसऱ्याच्या ऐकण्याशेजारी ठेवून पाहायची वेळ कुणावर आली नव्हती.

त्यांनी वाकून होडीतलं जाळं बाजूला सारलं आणि सप्तमला बसायला जागा केली. मग सप्तमकडे पाहूनच म्हणाले, "त्या पोरीलेही घे. काठी धराले दोघं लागतीन."

*

शुक्रवारी सकाळी तलावावर एकही वल्हं हललं नाही. गावातल्या बायकांनी घाटावर धुणं नेलं नाही. पोरांना कुणी पाण्यात उतरू दिलं नाही. तलावाच्या मध्यावर एकच होडी होती. तिच्यात आबाजींनी काठी पाण्यात उभी धरली होती, कला तिचं वरचं टोक सप्तमच्या छातीला टेकवून बसली होती, आणि तिघंही वाट पाहत होते.

आता आवाजांमधलं अंतर नऊ मिनिटांवर आलं होतं. नऊ मिनिटं किती मोठी असतात, हे कलाला त्या दिवशी कळलं. तिच्या हाताला मुंग्या आल्या. नाकावर माशी बसली. ती हलली नाही.

आणि मग काठी तिच्या बोटांखाली शहारली. घुम्म.

"आला," सप्तम हळू म्हणाला. "सलंगेपाशी सर्वांत आधी. आपल्याकडे त्यानंतर एकशे त्रेसष्ट हजारांश सेकंदांनी. घाटाशी चारशे बारा हजारांशांनी."

कलाने मांडीवरच्या वहीत गुणाकार केले. एका हजारांशात दीड मीटर. म्हणजे ती जागा सलंगेला होडीपेक्षा सुमारे दोनशे पंचेचाळीस मीटरने जवळ, आणि घाटापेक्षा सहाशे अठरा मीटरने जवळ. सप्तमच्या हातातल्या पाटीवर तलावाचा नकाशा होता. त्यावर त्याने एक रेघ काढली, मग दुसरी. त्या हळूहळू एकमेकींकडे सरकल्या आणि छेदल्या.

कला पाहतच राहिली. छेद डोहात नव्हता. कमळांच्या बेटाशी नव्हता. तो पाण्यात नव्हताच.

"पाळीत आहे," ती म्हणाली. "पाळीच्या पोटात."

ते आणखी दोन आवाजांसाठी थांबले. एकदाच मोजलेलं माप हे अजून माप नसतं, असं सप्तम म्हणाला. तिन्ही खुणा पाळीवरच्या एका खाटेएवढ्या जागेत पडल्या: सलंगेपासून नव्वद मीटरवर.

आबाजींनी नकाशावर बोट ठेवलं. "इथं जुनं तुडूम होतं," ते म्हणाले. "शेताले पानी सोडाचं दगडी दार. माह्या आज्यानं सांगतलं होतं, त्याच्या लहानपनीच बुजवलं म्हनून. मी कधी पायलं नाही. इसरूनच गेलो होतो."

मग काय घडत असावं, ते सप्तमने समजावून दिलं. तुडुमाचं तोंड बुजवलं, पण आतली दगडी पोकळी तशीच राहिली. वर्षानुवर्षांनी दगडांत फट पडली. त्या फटीतून तलावाचं पाणी पोकळीत झिरपतं. पोकळी काठोकाठ भरली, की आत कोंडलेली हवा एकदम बाहेर ढकलली जाते. घागर पाण्यात तिरकी बुडवली, की ती शेवटी "बुडुक्" करते, तसंच. फक्त ही घागर खोलीएवढी. मग त्या भाराने पाणी पाळीच्या मातीतून, आत येतं त्याहून जोरात, पलीकडे निघून जातं, पोकळी रिकामी होते आणि पुन्हा भरू लागते.

"आणि जाताना दर वेळी थोडी माती नेतं," कला म्हणाली. "वाट रुंद होते. म्हणून घागर लवकर लवकर भरते. चाळीस मिनिटं, तीस, अठरा, नऊ..."

आबाजींनी होडी घाटाकडे वळवली.

*

मानापुरे साहेबांनी रविवारी दारं उघडली, पण हातभर पाणी उतरेपर्यंतच. त्या खुणेभोवती वाळूच्या पोत्यांचं अर्धं कडं रचलं गेलं. आतलं पाणी उपसल्यावर जुन्या तुडुमाचे काळे दगड वर आले आणि त्यांच्यामध्ये मूठ जाईल एवढी फट दिसली. मागच्या पोकळीत माणूस उभा राहू शकला असता. गावाने पाच दिवस चिकणमाती वाहिली, थरावर थर ठोकून बसवला. पाऊस त्या वर्षी चार दिवस उशिरा आला. पाळ जागची हलली नाही.

सप्तम परत निघाला त्या दिवशी कलाने त्याला विचारलं, "आता कुठे ऐकायला जाशील?"

"मी इथेच, दुसऱ्या तलावांवर. पण माझा धाकटा भाऊ, अष्टम, लांब जाणार आहे. गुरूच्या एका चंद्रावर जाड बर्फ आहे आणि त्या बर्फाखाली समुद्र असावा असं शास्त्रज्ञांना वाटतं. त्या पाण्यात कधी कुणी ऐकलेलं नाही. अष्टम बर्फावर तीन ठिकाणी कान लावून बसेल." गाडीकडे निघता निघता तो म्हणाला, "एखादा कान बिघडला तर काय करायचं, ते मी त्याला सांगून ठेवलं आहे."

"तिथं बांबू नाहीत," कला म्हणाली.

"नाहीत. पण जवळ काय आहे ते पाहायचं, एवढं त्याला कळलं आहे."

सप्तम गेल्यानंतरच्या पहिल्या स्वच्छ सकाळी आबाजींनी कलाला उठवलं. काठावर दोन होड्या तयार होत्या. दुसरीत एक नवी, तिच्या उंचीची कानकाठी होती, सालपं नुकतीच तासलेली.

"मी डोहावर राहातो," आबाजी म्हणाले. "तू कमळाच्या बेटापाशी थांब. मी हात वर केला, का दोघांनी संगच आयकाचं."

त्यांनी हात वर केला. कलाने काठी पाण्यात धरली आणि कानामागच्या हाडाला टेकवली. घुम्म नव्हतं. पाणी लांबवर, खोलवर शांत होतं. मग त्या शांततेत कुठेतरी एक बारीक फटकारा झाला. पुन्हा एक. मरळ पिलांभोवती फिरत होती.

आबाजींनी काठी वर घेतली. आजवर त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं होतं आणि बाकीच्यांनी ते मानलं होतं. आता ते पाण्यावरून ओरडून विचारत होते:

"मले दोनदा आयकू आलं, पन लय बारीक. तुले कसं आलं, कला?"

"मला मोठं आलं, आबाजी!" ती ओरडली. "माझ्या बाजूला आहे ती!"

आबाजींनी वल्हं पाण्यात घातलं आणि होडी तिच्या दिशेने वळवली.